केंकेनी वाजवणाऱ्याचे पैसे कोण देतं?

केंकेनी म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या डुनुन नावाच्या तीन ढोलांमधला सगळ्यांत धाकटा ढोल. आडवा ठेवलेला, दोन्ही तोंडांना गाईचं कातडं, वर बांधलेली लोखंडी घंटा. एका हातातल्या काठीने कातड्यावर ठोका, दुसऱ्या हाताने घंटेवर. गिनी आणि मालीतल्या मालिंके लोकांच्या बऱ्याच तालांत केंकेनीच्या वाट्याला दोन-तीन ठोक्यांचा एक आखूड तुकडा येतो, आणि तोच सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचा असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस इथे कशाला बसलाय? उठून गेला तर कुणाच्या लक्षात तरी येईल का?

मलाही तसंच वाटलं होतं, आणि तेही हिशेब मांडताना.

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीला राहते. दर शनिवारी सकाळी इथून वीस मिनिटांवरच्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये पश्चिम आफ्रिकी नाचाचा वर्ग भरतो. मुलीला सोडायला म्हणून गेले, दाराशी उभ्या उभ्या पाय हलायला लागले, त्याला आता चौथं वर्ष आहे. शिकवणारे गृहस्थ गिनीतल्या कोनाक्रीचे. सगळे त्यांना ‘बाबा’ म्हणतात. इकडच्या आफ्रिकी नाचाच्या मंडळींत वडीलधाऱ्या पुरुषाला बाबा आणि बाईला मामा म्हणायची रीत आहे. बाबा माझ्या तोंडी लगेच बसलं. बाईला मामा म्हणताना जीभ अजून अडखळते. तर मला एक्सेल येतं हे कळल्यावर बाबांनी अनुदानाच्या अर्जाचा जमाखर्च माझ्या गळ्यात घातला. मी खर्चाची यादी पाहिली, बेरीज जमेपेक्षा बरीच वर जात होती, आणि मी सुचवलं, ‘तीन डुनुनवाल्यांऐवजी दोन चालतील ना? ही केंकेनी काढू या.’

बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी वर्ग ऐन रंगात असताना त्यांनी केंकेनीवाल्या मुलाला हाताने थांबवलं. जेंबे, म्हणजे हाताने वाजवायचे ढोल, चालू होते, मोठे डुनुन चालू होते. तरी तिसऱ्या-चौथ्या पावलाला आमची रांग विस्कटली. पाय कुठे टाकायचा तेच कळेना. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं काहीतरी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि केंकेनी पुन्हा सुरू करायला लावली. तो मुलगा यादीतून निघाला नाही, हे वेगळं सांगायला नको.

या लेखात मला सांगायचंय ते एवढंच: पश्चिम आफ्रिकी ढोल आणि नाच लोकांपर्यंत न्यायचा तर पैसा कुठून येतो, आणि तो नेहमी कमी का पडतो. कमी पडण्याचं कारण त्या केंकेनीत आहे.

आधी वाद्यमेळ समजून घेऊ. जेंबे हा एकाच ओंडक्यातून कोरलेला, पेल्यासारखा ढोल. तोंडाला बकरीचं कातडं, हाताने वाजतो. त्यातून मुख्यतः तीन आवाज काढतात: मधोमध घुमणारा खर्ज, काठावरचा गोल सूर आणि चपराक मारल्यासारखा तीक्ष्ण ठोका. साधारणपणे एक जेंबेवाला पुढारी असतो. तो एक ठरावीक तुकडा वाजवतो, त्या इशाऱ्यावर नाचणारे पाऊल बदलतात किंवा थांबतात. बाकीचे जेंबेवाले साथ धरतात. आणि खाली तीन डुनुन: खर्जातला डुनुनबा, मधला सांगबान, धाकटी केंकेनी. एकेकाचा तुकडा सुटा ऐकला तर अगदीच सामान्य. एकाने जिथे जागा सोडली तिथे दुसऱ्याचा ठोका पडतो आणि सगळे मिळून जी चाल ऐकू येते ती कुणीच एकटा वाजवत नसतो. ढोल-ताशा पथकात पन्नास ढोलांतले पाच कमी झाले तरी मिरवणूक पुढे सरकते, कारण सगळे ढोल तेच वाजवत असतात. इथे सहा माणसं सहा वेगळ्या गोष्टी वाजवतात. सहातला एक गेला की चालीला भोक पडतं.

काटकसरीची एक वाट आहे. तिन्ही डुनुन उभे करून एकाच माणसाने दोन काठ्यांनी वाजवायचे. मंचावरच्या पथकांनी रूढ केलेली ही पद्धत वर्गांतही चालते, आणि ती काही कमअस्सल नव्हे. पण तिच्यात घंटा जातात आणि तीन माणसांमधली ती देवाणघेवाणही जाते. बाबांना ती शिकवण्यासाठी नको असते. ‘घाईत असलो तर करतो,’ म्हणतात.

आता पैशाकडे. बॅलेच्या वर्गाला एक पियानोवाला पुरतो. झुंबाला फोन आणि स्पीकर पुरतो. आमच्या वर्गाला दर खेपेला शिकवणारा एक आणि वाजवणारे सहा लागतात, मग वर्गाला सात जण येवोत की तीस. अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या पैशाबद्दल एक गोष्ट मांडली होती. कारखान्यात दर वर्षी तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो, म्हणून पगार वाढले तरी परवडतं. चार वादकांची रचना मात्र शंभर वर्षांपूर्वीही चार वादकांनी तेवढ्याच वेळात वाजवली आणि आजही तसंच. पगार बाकीच्या जगाबरोबर वाढतो, काम मात्र कमी वेळात किंवा कमी माणसांत आटपत नाही. म्हणून तिकिटातून खर्च निघणं दिवसेंदिवस अवघड होत जातं. कलावंत बेहिशेबी असतात म्हणून तोटा होतो असं नाही. माणूस कमी करता येत नाही म्हणून होतो.

एक नमुन्याचा हिशेब मांडते. आकडे समजण्यापुरते बेतलेत, पण ठेवण खरी आहे. दहा शनिवारचे दहा वर्ग आणि शेवटी बागेत एक मोफत कार्यक्रम. शिकवणाऱ्याला वर्गाचे १५० डॉलर, पुढारी जेंबेवाल्याला १००, साथीचे दोन जेंबे आणि तीन डुनुन अशा पाच जणांना प्रत्येकी ६०. एका वर्गाचे झाले ५५०, दहांचे ५,५००. हॉलचं भाडं वर्गाला ५० म्हणजे ५००. कार्यक्रमाच्या दिवशी वादकांचं मानधन ९००, नाच बसवण्याचे ४००, ध्वनियंत्रणा ३००, विमा २००, पोस्टर वगैरे १००. ढोलांची पानं आणि दोऱ्या ४००. एकूण ८,३०० डॉलर.

जमेकडे पाहा. वर्गाची फी १५ डॉलर, सरासरी चौदा जण येतात, दहा वर्गांचे २,१०० झाले. सगळा खर्च फीमधूनच काढायचा म्हटलं तर माणशी दर वर्गाला ५९ डॉलर घ्यावे लागतील, आणि मग चौदा जण येणारच नाहीत. ज्यांच्यासाठी हा वर्ग काढला, ती शेजारच्या वस्तीतली मुलं आणि आज्या तर सगळ्यांत आधी गळतील. म्हणून काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कला परिषदेकडून ४,००० चं अनुदान धरलं. राहिला २,२०० चा खड्डा: शाळांमधले दोन कार्यक्रम ६०० प्रमाणे १,२००, ओळखीपाळखीच्या देणग्या ५००, बागेतली झोळी आणि विक्री ५००. ताळा जमला. कागदावर.

या जमेच्या बाजूला पाच तोंडं आहेत. नवख्याला वाटतं, एक मोठं अनुदान मिळालं की सुटलो. तसं फार क्वचित होतं. बहुतेक अनुदानं ‘तुमचेही तेवढेच दाखवा’ या अटीवर मिळतात; चार हजार हवेत तर चार हजार दुसरीकडून आणलेले दिसले पाहिजेत. आमच्या नमुन्यात ते ४,३०० आहेत म्हणून अर्ज उभा राहतो. फुकट मिळालेला हॉल किंवा स्वयंसेवकांचे तास हेही काही ठिकाणी पैशांत मोजून या बाजूला लावता येतात. गणपतीच्या वर्गणीत मांडववाल्याने भाडं सोडलं तर आपण फलकावर त्याचं नाव लावतो. इथे त्याची रक्कम लिहून द्यायची, एवढाच फरक.

हे सगळं अमेरिकेतलं झालं. पण या नाचाला पैसे देण्याची रीत अमेरिकेत सुरू झाली नाही, आणि मला त्याच्या मूळ गावची रीत जास्त शहाणपणाची वाटते.

गिनीतल्या खेड्यात ‘कासा’ नावाचा ताल शेतीच्या कामाचा. शेतात माणसं राबत असताना बांधावर ढोल वाजतो, त्याने कामाला हुरूप येतो, आणि वाजवणाऱ्याला जेवण मिळतं. कार्यक्रम नाही, प्रेक्षक नाहीत; वादक हा मजुरांच्या टोळीतलाच एक. शहरात आल्यावर रीत बदलली. सेनेगलमधल्या डकारला साबार नावाचे ढोल आणि त्यांच्यावरचा नाच आहे. तिथे गल्लीतल्या बायका मंडळ करतात, आळीपाळीने एकेकीकडे जमतात, पैसे गोळा होतात आणि त्या जमण्यालाच साबार वाजतो. आपण ज्याला भिशी म्हणतो तीच ही, फक्त चहा-चिवड्याऐवजी ढोल. घानाच्या किनाऱ्याकडच्या एवे लोकांत गावोगावच्या नाच-मंडळ्या असतात. सभासद वर्गणी भरतात, आणि सभासदाच्या घरी मर्तिक झालं की मंडळी खर्चाला हातभार लावते आणि वाजवायला, नाचायलाही येते. म्हणजे विमा आणि वाद्यवृंद एकाच वर्गणीत.

आणि मग ती नोट. नाचणारीचा नाच अंगात आल्यासारखा रंगला किंवा वादकाने झक्क तुकडा काढला की बघणाऱ्यांतलं कुणीतरी उठतं, नाचत नाचत पुढे येतं आणि घामाने ओल्या कपाळावर नोट चिकटवतं. तमाशातली दौलतजादा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच ओळखू येईल. पण दौलतजादेत देणारा खुर्चीत बसून पैसे उडवतो. इथे देणाऱ्यालाही नाचावं लागतं. न नाचता दिलेली नोट लाजिरवाणी.

मग सरकार आलं. २ ऑक्टोबर १९५८ ला गिनी फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. राष्ट्राध्यक्ष सेकू तुरेंनी नाच आणि ढोल हा नव्या देशाचा चेहरा ठरवला. फोदेबा केइता यांनी त्याआधीच पॅरिसमध्ये ‘ले बॅले आफ्रिकें’ हे पथक उभं केलं होतं. ते देशाचं अधिकृत पथक झालं. खाली जिल्ह्याजिल्ह्यांत पथकं, त्यांच्या स्पर्धा, त्यांतून निवडलेले वादक राष्ट्रीय पथकांत, आणि त्यांना सरकारी पगार. बालांदुगू खेड्यातला मामादी केइता हा पोरगा असाच निवडला जाऊन ‘बॅले जोलिबा’मध्ये गेला आणि पुढे जगभर ओळखला गेला. आज जेंबे जगात जिथे जिथे वाजतो त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी हा सरकारी पगार आहे.

त्याची किंमतही होती. ज्या सरकारने वनप्रदेशातले नाच मंचावर आणले, त्याच सरकारने ‘अंधश्रद्धा’ म्हणून तिथल्या पवित्र मुखवट्यांवर बंदी आणली. आणि फोदेबा केइता मंत्री झाले, मग संशयाच्या फेऱ्यात सापडले, आणि १९६९ साली तुरेंच्या कैदेतच मारले गेले. सरकारी मदतीबद्दल भाबडेपणाने बोलणाऱ्यांना, आणि ती सरसकट वाईट म्हणणाऱ्यांनाही, मी ही एकच गोष्ट सांगते.

१९८४ मध्ये तुरे वारले आणि पथकांवरचा तो वरदहस्त गेला. वादक देशाबाहेर पडू लागले. मामादी केइता १९८६ मध्ये आयव्हरी कोस्टला, तिथून ब्रसेल्सला गेले आणि १९९१ मध्ये त्यांनी तिथे ‘ताम ताम मांदिंग’ ही शाळा काढली. तिच्या शाखा पुढे बऱ्याच देशांत निघाल्या. पगारावर वाजवणारी माणसं आता शिष्यांच्या फीवर वाजवू लागली. कोनाक्रीत आज परदेशी शिष्य महिना-महिना येऊन राहतात आणि त्यांच्या पैशावर कितीतरी घरं चालतात. आमचे बाबाही हिवाळ्यात चार-पाच जणांना घेऊन जातात; मी एकदाही जाऊ शकलेले नाही.

अमेरिकेत हा नाच त्याहून आधी पोचला होता. सिएरा लिओनचे असादाता दाफोरा यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कला आफ्रिकी नृत्यनाट्य करून दाखवलं. १९६० च्या दशकात गिनीचे लाजी कामारा न्यूयॉर्कला आले आणि तिथल्या पहिल्या पिढीला त्यांनी जेंबे शिकवला. नायजेरियाचे बाबातुंदे ओलातुंजी हार्लेममध्ये शिकवत होते. आमच्या भागातलं मोठं नाव म्हणजे चक डेव्हिस, जन्म रॅलीचा. त्यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ॲकॅडमी ऑफ म्युझिक या नाट्यगृहात ‘डान्सआफ्रिका’ महोत्सव सुरू केला, आणि नंतर इथे डरमला येऊन ‘आफ्रिकन अमेरिकन डान्स एन्सेंबल’ उभारलं. २०१७ मध्ये ते गेले. डान्सआफ्रिका अजून दर वर्षी मे अखेरीस भरतो, आणि त्याची पैशाची घडण पाहण्यासारखी आहे: आत तिकिटाचा खेळ, बाहेर रस्त्यावर कपडे, दागिने, खाण्याच्या टपऱ्यांचा मोठा बाजार, शेजारच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट वस्तीतल्या मुलांचं पथक मंचावर, आणि पाठीशी एक बलाढ्य नाट्यगृह. म्हणजे जत्रा आणि थिएटर एकमेकांना पोसतात. आमच्यासारख्या छोट्या वर्गाला पाठीशी नाट्यगृह नसतं, तेव्हा आम्ही अनुदानाकडे वळतो.

ते कुठून येतं? सगळ्यांत वर ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ ही केंद्रीय संस्था, स्थापना १९६५ ची. २०२४ मध्ये तिचं सगळं अंदाजपत्रक २० कोटी ७० लाख डॉलर होतं. आकडा डोळे दिपवतो, पण लोकसंख्येने भागला तर माणशी साठेक सेंट. तिच्या अनुदानाच्या रकमेतले ४० टक्के राज्यांच्या आणि प्रादेशिक कलासंस्थांकडे जातात. राज्य त्यात आपले घालतं आणि खाली सरकवतं. नॉर्थ कॅरोलायनात १९७७ पासून ‘ग्रासरूट्स आर्ट्स’ नावाची योजना आहे; तीतून राज्याच्या शंभरही काउंटींना लोकसंख्येच्या प्रमाणात पैसे मिळतात आणि तिथली कला परिषद ते छोट्या संस्थांना वाटते. आपल्याकडे कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत कसं पोचतं, तसंच हे. टोकाला असलेल्याने पाटाशी उभं राहायला शिकावं. आमचा अर्ज याच टोकाला असतो. वरच्या केंद्रीय संस्थेकडे थेट जायला संस्थेची पूर्वपीठिका, ताळेबंद आणि एक कायम माणूस लागतो, आणि ते सगळं असलं तर कदाचित आपल्याला तिची गरजच नसेल.

व्यक्तीला केंद्राकडून थेट पैसे मिळण्याचे रस्ते अगदी थोडे. त्यांतला एक म्हणजे १९८२ पासून पारंपरिक कलावंतांना दिली जाणारी ‘नॅशनल हेरिटेज फेलोशिप’. १९९६ मध्ये ती घानाचे गा ढोलवादक ओबो ॲडी यांना मिळाली. ते ओरेगनमधल्या पोर्टलंडला राहून शिकवत. कित्येक राज्यांत गुरू-शिष्याच्या जोडीला मिळून एक छोटं अनुदान देण्याचीही योजना असते: एक जाणता, एक शिकणारा, साल-सहा महिने, आणि शेवटी काय शिकलो ते दाखवायचं. मला विचाराल तर सगळ्या योजनांमध्ये ही सर्वांत सरळ. तीत डोकी मोजत नाहीत.

बाकी सगळीकडे मोजतात. किती जण आले, किती मुलं, किती कार्यक्रम मोफत. पैसा जनतेचा आहे, मोजणं रास्तच. पण त्यामुळे दिसणाऱ्या गोष्टीला पैसे मिळतात आणि न दिसणारी राहून जाते. बागेतल्या एका कार्यक्रमाला पैसे देणारे दहा मिळतील. त्याआधीच्या दहा शनिवारी केंकेनी वाजवणाऱ्याला पैसे देणारा शोधावा लागतो. एकदा आमच्या अर्जातली ढोलांच्या पानांची ओळ ‘ही मालमत्तेतली गुंतवणूक आहे, कार्यक्रमाचा खर्च नाही’ म्हणून कापली गेली. बकरीचं कातडं! ज्याने कधी ढोलाचं पान फाटताना ऐकलंय, त्याला विचारा ती गुंतवणूक किती दिवसांची. कार्यक्रमानंतरचं जेवणही बहुतेक अनुदानांत बसत नाही. बाबांच्या दृष्टीने मात्र भाताचं ते मोठं पातेलं म्हणजे कार्यक्रमाचा शेवटचा ताल.

आणखी एक खाच, जी मला अनुभवाने कळली. अनुदान बहुधा नोंदणीकृत, करमुक्त ना-नफा संस्थेलाच मिळतं. इथल्या कायद्याच्या कलमावरून तिला ‘पाचशे एक सी तीन’ म्हणतात. आमचा वर्ग म्हणजे बाबा, सहा वादक आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. अशा वेळी एखादी नोंदणीकृत संस्था छत्री धरते: अर्ज तिच्या नावाने, पैसे तिच्या खात्यात, तिथून आपल्याला. पूर्णपणे कायदेशीर आणि फार सोयीची गोष्ट. छत्रीवाली संस्था त्याबद्दल काही टक्के ठेवून घेते, साधारण पाच ते दहा. हे मला माहीत होतं. खर्चात धरायचं मात्र मी विसरले. चार हजारांवर सात टक्के म्हणजे २८० डॉलर. ते कुठून काढायचे यावर दोन रात्री गेल्या, आणि शेवटी पोस्टर घरी छापले, हॉलवाल्यांकडून दोन शनिवार फुकट मिळवले, उरलेले पदरचे घातले.

शिवाय पैसा हातात उशिरा पडतो. बऱ्याच ठिकाणी शेवटचा हप्ता अहवाल दिल्यावर मिळतो, काही ठिकाणी आधी खर्च करा, पावत्या दाखवा, मग भरपाई. वादक मात्र त्याच शनिवारी घरी जातो आणि त्याचं भाडं एक तारखेला असतं. म्हणून अशा गटांत मी एकच आग्रह धरते: वादकांना दोन महिने देता येतील एवढी गंगाजळी हातात असल्याशिवाय अनुदानाचं काम सुरू करायचं नाही. देणग्यांची पहिली रक्कम तिथे जाते.

थेट गिनीहून पाहुणे आणायचे म्हटले तर ही रक्कमही पुरत नाही. परंपरागत कलेच्या पथकांसाठी अमेरिकेचा पी-३ नावाचा व्हिसा आहे. त्याच्या अर्जाची फी एप्रिल २०२४ मध्ये ४६० वरून १,०१५ डॉलर झाली; लहान आणि ना-नफा संस्थांना ५१०. ती फक्त अर्ज पाहण्याची. पुढे वकिलातीत मुलाखत, तिथे नकार आला तर सगळं पाण्यात. पाहुण्या कलावंताच्या कमाईतून मुळातच ३० टक्के कर कापून ठेवावा लागतो, वेगळी परवानगी काढली नसेल तर. त्यामुळे छोटे गट शहाणपणाने एक करतात: एकाच पाहुण्याला चार-पाच शहरांनी मिळून बोलवायचं, विमानाचं भाडं वाटून घ्यायचं, आणि रोज एका गावात कार्यशाळा.

अलीकडे पाटाला वरूनच पाणी कमी आहे. छोट्या संस्थांना १०,००० डॉलर देणारी ‘चॅलेंज अमेरिका’ ही केंद्रीय योजना फेब्रुवारी २०२५ मध्ये पुढच्या वर्षापुरती गुंडाळली गेली. मे महिन्यात देशभरातल्या शेकडो कलासंस्थांना, मंजूर झालेलं अनुदान रद्द केल्याची ईमेल आली. आमच्यासारख्यांना त्याची झळ थेट बसली नाही. मोठ्या संस्थांची भूक मात्र त्यामुळे काउंटीच्या ताटाकडे वळली, आणि तिथे आमची पत्रावळ आधीच लहान होती.

असं झालं की गट दोन गोष्टींकडे वळतात. एक, कंपन्यांची ‘टीम बिल्डिंग’ शिबिरं: पन्नास जणांना पन्नास जेंबे देऊन तासभर बडवायला लावायचं. पैसा उत्तम. बाबा वर्षातून दोनदा जातात आणि परत आल्यावर दोन दिवस गप्प असतात. दुसरी म्हणजे शाळा. शाळेत पैसा कमी, पण दर वर्षी बोलावणं येतं, आणि शनिवारच्या वर्गाला नवी मुलं तिथूनच मिळतात. माझं मत विचाराल तर शाळांना जमाखर्चात पहिल्या ओळीत ठेवावं.

जाता जाता इथल्या मराठी मंडळींसाठी एक. काउंटीची ही अनुदानं फक्त आफ्रिकी नाचाला नाहीत. ढोल-ताशा पथक, पोवाडा, लावणीची कार्यशाळा, सगळे त्याच रांगेत उभे राहू शकतात, कार्यक्रम सर्वांना खुला असेल तर. आपली मंडळं गणपतीत वर्गणीवर निभावून नेतात म्हणून आपण या खिडकीकडे फिरकत नाही. पथकाला नव्या पानांचे पैसे कुणी दिले तर मला कळवा, कारण आम्हाला तर मिळाले नाहीत.

आमचा बागेतला कार्यक्रम जूनमध्ये झाला. ऊन मरणाचं. शेवटचा ताल सुरू झाला आणि प्रेक्षकांतून एक वयस्क बाई उठल्या, गिनीच्याच, डोक्याला निळा रुमाल. हातात एक-एक डॉलरच्या नोटांची घडी. मला वाटलं पुढारी जेंबेवाल्याकडे जातील; सगळ्यांचं लक्ष त्याच्यावरच होतं. त्या नाचत नाचत त्याला ओलांडून मागे गेल्या, केंकेनीवाल्या मुलासमोर थांबल्या आणि एक नोट त्याच्या कपाळावर चिकटवली. मग दुसरी. मग तिसरी गालावर. त्याचे दोन्ही हात कामात, नोटा घरंगळून गवतावर पडत होत्या, आणि तो हसत होता पण ठोका सोडत नव्हता. त्यांच्या मागे आणखी चार जणी उठल्या. माझ्या मुलीने टोपीत नोटा गोळा केल्या. त्रेचाळीस डॉलर.

रात्री अहवालाचा फॉर्म भरायला बसले. जमेच्या रकान्यात तिकीट, फी, देणग्या, विक्री, इतर. मी बाबांना फोन केला, हे त्रेचाळीस कशात लिहू?

‘तू कशाला लिहितेस?’ ते म्हणाले. ‘ते त्याचे आहेत.’